सातवं भोक

गिरमीट सरळ धर, ताउरी. तिरकं भोक पडलं
की बर्फाची जाडी जास्त भरते, आणि माणसाला ते आवडतं.
पट्टी खालच्या कडेला टेकव, मग वाच.
वाचताना किनाऱ्याकडे बघू नकोस.

मी बघितलं होतं.
तीन हिवाळ्यांपूर्वी, फेब्रुवारीत. ऊन पडलेलं
आणि बेटाच्या धक्क्यावर गाड्यांची रांग,
भर दुपारी दिवे लावून.
सकाळी कॉफी ओतताना मीच म्हणून गेले होते, "तेवीस निघेल."
कुणी विचारलंही नव्हतं.
सहा भोकांत तेवीस, चोवीस, पुन्हा तेवीस.
सातव्यात एकोणीस.

नियमात बावीस आहे. बावीसच्या खाली रस्ता बंद.
मी दोन वीत सरकले, नवं भोक पाडलं.
तेवीस.
बघ, मी खोटं काही लिहिलं नाही.
हवा तो आकडा मिळेपर्यंत मोजलं
आणि मिळाल्यावर थांबले.
सहाव्या भोकाशी दोनदा मोजावंसं का वाटलं नाही,
हे मला रात्री सुचलं, अंथरुणात.

एकशे बेचाळीस गाड्या गेल्या. पट्टे सोडून, काचा खाली करून,
सांगितलेल्या वेगात. दुधाचा टँकरसुद्धा.
काही झालं नाही.
एंडलाने धुरी दिलेली वाम आणून दिली, वर्तमानपत्रात गुंडाळून.
"हेल्वेची नजर," लोक म्हणाले, "बर्फाच्या आरपार जाते."
गंगेत घोडं न्हालं की कुणी विचारत नाही
घोड्याला पोहता येत होतं का.
वाम खारट होती. मी ती संपवली.

त्याच्या आदल्या वर्षी आकडा होता चोवीस
आणि मी रस्ता बंद ठेवला.
बर्फ करडा, पोटात पाणी धरलेला,
दक्षिणेचा वारा, आणि पायाखाली आवाजच येईना.
चार दिवस. बर्फ मोडला नाही.
बेकरीतलं यीस्ट संपलं.
शाळकरी पोरं स्केट घालून पलीकडे जाऊन आली
आणि माझ्या खिडकीखाली ओरडली.
माइनहार्टला बहिणीच्या मातीला पोचता आलं नाही.
तो अजून दुकानात माझ्या मागे उभा राहत नाही,
दुसऱ्या रांगेत जातो. दुसरी रांग नसेल
तर बाहेर थांबतो, थंडीत.

त्याला काय सांगू?
की तू नावं ठेवतोस तो माझा शहाणपणाचा दिवस होता
आणि ज्या दिवसासाठी टोपी काढतोस...
नाही, तो टोपी काढत नाही. बाकीचे काढतात.

दोन्ही वर्षी बर्फ टिकला.
बर्फाने माझी वही वाचली नव्हती.
पण निकाल लागला की माणसं
निकालाकडून मागे मागे निर्णय विणत जातात,
हातमोजा बोटांकडून सुरू करावा तसा.
मीही. वसंतात पाणी मोकळं झालं
तेव्हा मला खरंच आठवू लागलं की मला खात्री होती.
इतकी स्वच्छ आठवण. तिच्यात ऊनसुद्धा होतं.

म्हणून ही दुसरी वही. निळी.
यात आकडा लिही, आणि आकड्याखाली लिही
पलीकडे कोण वाट बघत होतं, घरी कुणाशी भांडून निघालास,
काही खाल्लं होतंस का.
रस्ता उघडण्याआधी लिही, आणि मिटून ठेव.
बर्फ वितळल्यावर वाच. त्याआधी नाही.
पहिल्या पानावर जुन्या वहीतला कागद चिकटवलाय:
सातवं भोक, एकोणीस, त्यावर रेघ.
रेघ माझी. राहू दे.

हं, लागलं पाणी. बघ कसं काळं वर येतंय.
बोट बुडवून चाख हवं तर, बाल्टिक फारसा खारट नाही.
आता पट्टी सोड.
टेकली? किती?

"बावीस," तू म्हणालास,
आणि तुझी पट्टी अजून खाली जात होती.